एक तरी तक्रार

अंधेरी (पूर्व), मुंबई
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

सविनय जयभीम.

अक्षर ओळखलंस ना? पत्र न फोडता टाकून देणार असशील तर टाक, पण आधी पाकीट उलटं करून बघ. मागे मी एक पत्ता लिहिलाय. मोबाइलच्या नकाशात बघितलं, तुझ्या वुल्वरहॅम्प्टनपासून गाडीने तासाभराच्या वाटेवर आहे. तिथे माझी मुलगी राहते, श्रुतिका. तू तिला पाहिलेलं नाहीस, कारण तू शेवटचा आलास तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. आता ती सत्तावीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिकडे आली, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायच्या कामावर. तिकडच्या एका कंपनीनेच व्हिसा काढून दिला होता.

माझं बरं चाललंय. श्रुतिकाचे वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. मी गेल्या वर्षी कारखान्यातून रिटायर झाले. तीस वर्षं गोळ्यांच्या खोक्यांवर तारखेचे शिक्के मारले, आता हात रिकामे आहेत. आपली चाळ पाडली आणि तिथेच सातव्या मजल्यावर घर मिळालं. इकडे आज उघडीप आहे, ऊन छान पडलंय. मटकीची उसळ केली होती, चांगली झाली.

तर सहज लिहिते की एखाद्या दिवशी त्या बाजूला गेलास तर पोरीला बघून ये. विशेष काही नाही. मामा इथेच आहे एवढं तिला कळलं तरी पुरे. घाई नाही. या आठवड्यात जमलं तर बरं.

खाली माझा फोन नंबर लिहिलाय. मीरावहिनींना जयभीम सांग, सांगणार असशील तर.

तुझी,
नंदा


२४ ऑगस्ट २०२५

दादा,

पहिलं पत्र अजून तुला पोचलंही नसेल आणि मी दुसरं घेऊन पोस्टात जाणार आहे. खिडकीवरची मुलगी मागच्या वेळी म्हणाली, "मावशी, फोन नाही का त्यांच्याकडे?" म्हटलं, आहे गं, पण मला नंबर कुठे दिलाय! पत्ता तेवढा आहे, तोही पस्तीस वर्षांपूर्वीचा. तू घर बदललं असशील तर हे कोण वाचतंय देव जाणे.

मी तुला खोटं लिहिलं. घाई आहे. फार घाई आहे.

नीलम म्हणून एक मुलगी श्रुतिकाबरोबर एकाच घरात राहायची. तिची आई आपल्या विहारात येते. मागच्या रविवारी वंदना झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "श्रुतिकाला मिळालं का गं दुसरं काम? आमच्या नीलमला मिळालं, लांब आहे पण मिळालं बाई." मी म्हटलं, दुसरं म्हणजे? तर तिचा चेहराच उतरला. मग सगळं सांगितलं. त्या कंपनीचा परवाना सरकारने काढून घेतलाय. तिथल्या प्रत्येक मुलीला कागद आला, साठ दिवसांत नवा मालक शोधा, नाहीतर देश सोडा. कागदावर एक ऑगस्टची तारीख आहे. म्हणजे तीस सप्टेंबरला साठ दिवस भरतात. हे मला कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुला पहिलं पत्र लिहिलं.

श्रुतिकाने मला यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही.

जिथून तिची फाइल केली त्या सौरभ एजंटच्या ऑफिसात गेले. स्टेशनजवळच आहे. म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका ना. तिकडे सगळं सिस्टिमने चालतं." दोन दिवसांनी पुन्हा गेले तर दाराला कुलूप. बाजूचा झेरॉक्सवाला म्हणाला, "त्यांचं इंग्लंडचं बंद झालं मावशी, आता कॅनडाचं करतात. ठाण्याला."

तिकडच्या बातम्या मी मोबाइलवर बघते. बघू नये, पण बघते. दिव्याच्या खांबाखांबाला झेंडे बांधलेत. आश्रयाला आलेल्यांना ठेवलेल्या कुठल्याशा हॉटेलाबाहेर माणसं जमून ओरडतायत, आणि त्यात माझ्या वयाच्या बायका आहेत, घरून डबा घेऊन आल्यासारख्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या. पाहणी केली म्हणे, तर जवळपास निम्मे लोक सांगतात की देशापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे बाहेरून आलेली माणसं. माझी पोरगी त्या रस्त्याने चालत बसस्टॉपवर जाते. मी भ्यायले आहे, दादा. लपवत नाही.

त्या अख्ख्या देशात माझं म्हणावं असं एकच माणूस आहे आणि ते माझ्याशी बोलत नाही. तरी जा. माझ्यासाठी नको जाऊ, आपल्या आईच्या, द्रौपदीच्या नातीसाठी जा.

नंदा


३१ ऑगस्ट २०२५

दादा,

तू म्हणशील, पोरीलाच का विचारत नाही?

विचारलं. फोन लावला की कट करते, नेटवर्क नाही म्हणते आणि मेसेज पाठवते. कालचा तसाच उतरवून देते: "सगळं मस्त आहे गं आई. आज ऊन पडलंय. राजमा केला होता, छान झाला." परवा पाऊस होता आणि छोले होते. त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा ऊन.

मी बसून मागचे सगळे मेसेज वाचले. जुलैपर्यंत माझी पोरगी नुसती कुरकुर करत होती. बसवाला थांबलाच नाही. नीलम माझं दूध संपवते. ती एक आजी अंघोळ घालताना चावते गं. हीटरला वास येतो. एक ऑगस्टनंतर एकही तक्रार नाही. ऊन आणि राजमा. म्हणून मी घाबरले. तुला कळेल मी काय म्हणते ते. असली पत्रं मी स्वतः लिहिलीत, चौदा.

पस्तीस वर्षं या विषयावर आपण बोललो नाही. आज मीच बोलते, कारण तू माझ्यावर विश्वास ठेवल्याशिवाय जाणार नाहीस.

तुझ्या वेळचा नियम आठव. लग्न होऊन मीरावहिनी इंग्लंडला परत गेली आणि तू नवरा म्हणून अर्ज केलास. तेव्हा त्यांचा नियम होता की आपल्याकडच्या नवऱ्याने सिद्ध करायचं, हे लग्न मी इंग्लंडात शिरायला केलेलं नाही. बायकोवर जीव आहे हे कागदावर दाखवायचं. पहिल्यांदा तुला त्यांनी परत पाठवलं. साहेबाने विचारलं, बायकोला इथे का नाही बोलावत? तू म्हणालास, खोली लहान आहे. खरं बोललास आणि आपटलास. मग आपल्या चाळीतले कुंडलिककाका, ज्यांना जगातल्या सगळ्या कायद्यांची माहिती असायची, ते म्हणाले, अपिलात पत्रं लावा, नवराबायकोची पत्रं, दर आठवड्याला एक. तू पेन घेऊन बसलास आणि "प्रिय मीरा, मी मजेत आहे" याच्या पुढे गेला नाहीस. पुढची दोन वर्षं मी लिहिली. बावीस वर्षांची होते, माझं स्वतःचं कुठेही जमलेलं नव्हतं. जे कुणाला लिहायचं होतं ते सगळं वहिनीला लिहिलं. तुझं अपील पास झालं.

तू नोव्हेंबर एकोणनव्वदला गेलास. आई एप्रिलमध्ये गेली. तुला पहिलं एक वर्षच राहायचा शिक्का होता. कुंडलिककाका म्हणाले, वर्ष पुरं व्हायच्या आत देश सोडला तर परत घेत नाहीत, कळवू नका पोराला, येईल उठून. आईला जाळून आलो होतो त्या संध्याकाळची गोष्ट. मी ऐकलं. आईला लिहिता येत नव्हतं, तिची पत्रं आधीपासून मीच लिहायचे, अक्षर बदलायचा प्रश्न नव्हता. तिच्या नावाने मी सात महिने लिहीत राहिले. पुढे कधीतरी कळलं की असा काही पक्का नियम नव्हता. काकांनी कुणाचं तरी ऐकलेलं, त्याने आणखी कुणाचं.

आई सांगायची तेव्हा कशी पत्रं व्हायची? "लिव त्याला, गुडघं लई दुखत्यात. नळाला पानी न्हाय. त्या कुंडलिकानं माझी छत्री न्हेली ती अजून दिली न्हाय." दर पत्रात छत्री. ती गेल्यावर मला तिची तक्रार लिहिता येईना. मेलेल्या बाईच्या तोंडी कसली तक्रार घालणार? म्हणून ऊन, पाऊस, आज काय शिजवलं, तू जप. खऱ्या पत्रात एक तरी तक्रार असते, दादा. छत्री गेली तेव्हाच तुला कळायला हवं होतं. मीही तुला पहिल्या पत्रात ऊन आणि मटकीच लिहिली, बघ काढून.

डिसेंबरात तू आलास, हातात आईसाठी गरम पाण्याची पिशवी. भिंतीवर तिचा फोटो होता. तू रडलासही नाहीस. सगळी पत्रं बॅगेतून काढलीस, जमिनीवर मांडलीस आणि मला विचारलंस, "यातलं आईचं शेवटचं कुठलं?" मी दाखवलं. ते एक खिशात घातलंस, बाकीची तिथेच टाकून गेलास.

तुझा राग खरा आहे. मी त्याच्या विरुद्ध काही लिहीत नाही. पण मी जे तुझ्याशी केलं ते आता माझी पोरगी माझ्याशी करतेय, आणि मला एवढंच माहीत आहे की असलं कुणी उगाच लिहीत नाही. त्यामागे काहीतरी घडलेलं असतं.

तिथे जा. दार वाजव. तिने तुला हसून चहा दिला आणि सगळं छान आहे म्हणाली तर उठू नकोस. तिने एक तक्रार केली की मला कळव.

नंदा

ता. क. हे लिहून पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. एक राहिलं. जुलैत आमचे सेक्रेटरी गुणाजी एक कागद घेऊन दारोदार फिरले. बिल्डिंगमध्ये परप्रांतीय भाडेकरू ठेवायचे नाहीत असा अर्ज. म्हणाले, "आपला घर भरला की दार लावूकच व्हया, नंदाबाई." तिसऱ्या मजल्यावर एक बंगाली जोडपं होतं, बाई ब्लाउज शिवायची, माझाही शिवला होता तिने. मी सही केली. वाचलंसुद्धा नाही नीट, गॅसवर दूध होतं. ते दोघं पंधरा दिवसांत गेले. कुठे गेले माहीत नाही. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता रोज तिसरा मजला आला की लिफ्टमध्ये खाली बघते.


१३ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं उत्तर आज आलं. सात ओळी. पस्तीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच आहे, मुंग्या चालल्यासारखं.

"मुलीला कायद्याने राहता येत नसेल तर तिने परत जावं. आम्ही रांगेत उभे राहून आलो. आता कुणीही उठतं आणि येतं, म्हणून इथले लोक चिडतात, आणि मग दगड आमच्याही काचेवर पडतात. पुन्हा लिहू नकोस. तुझी पत्रं मी फोडणार नाही."

रांगेत! तुझ्या सासऱ्यांनी आपल्या घरात बसून काय काय सांगितलं होतं ते विसरलास? त्यांना चौसष्ट साली परवाना देऊन बोलावलं, कारण भट्टीवर उभं राहायला गोरी माणसं मिळत नव्हती. चार वर्षांत त्याच गावच्या पुढाऱ्याने भाषण ठोकलं की यांना थांबवा नाहीतर रक्त सांडेल, आणि गोदीतले कामगार त्याच्या बाजूने मोर्चा काढून गेले. पुढे विमानतळावर लग्नाला आलेल्या मुलींची कपडे काढून तपासणी केली, कुमारिका आहे का बघायला. हे ते सांगत होते तेव्हा आईने कानावर हात ठेवले होते. मग तुझा पत्रांचा नियम. सत्त्याण्णवला तो त्यांनीच पुसून टाकला. मग तीन वर्षांपूर्वी म्हातारी माणसं अंथरुणात पडून राहायला लागली तेव्हा माझ्या पोरीसारख्यांना बोलावलं. दोन वर्षांनी म्हणाले, या पण घरच्यांना आणू नका. या जुलैत म्हणाले, बस, आता नव्याने कुणीच नको. गरज सरो आणि वैद्य मरो. कसली रांग, दादा? तिथे दार आहे, आतल्यांच्या मनाप्रमाणे उघडतं. तू आत गेलास तेव्हा ते इंचभर उघडं होतं आणि तिथे पाय घातला तो माझ्या अक्षराने. रांगेत तू होतास, पत्रं माझी होती.

आणि ऐक. त्या पत्रांचे कच्चे कागद माझ्याकडे आहेत. दोन वर्षांचे. माझ्या अक्षरात, खाडाखोडीसकट. कुठल्या ओळीवर साहेब खूश होईल म्हणून कुंडलिककाकांनी पेन्सिलीने खुणा केल्यात त्याही आहेत. मीरावहिनीला आजवर वाटत असेल की ते सगळं तू लिहिलंस. तिला वाटतं ते तसंच राहावं असं तुला वाटत असेल तर उद्या सकाळी गाडी काढ. हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नकोस.

सतरा दिवस उरलेत.

नंदा


१४ सप्टेंबर २०२५

दादा,

कालचं पत्र फाडून टाक. वाचलं असशील तर वाचलं नाही असं समज.

रात्री पोस्ट केलं असतं तर परत मागता आलं असतं. मी रागाच्या भरात दुपारीच जाऊन टाकलं आणि घरी येईपर्यंत पस्तावले. आज पोस्ट बंद. उद्या सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहीन, पण ते कालच विमानतळावर गेलं असणार.

ते कच्चे कागद मी आज सकाळी जाळले. खरंच जाळले. गॅलरीत पत्र्याच्या डब्यात. गुणाजी धूर बघून वर आले, "काय जाळतास?" म्हणून. मी म्हटलं, जुनी बिलं. त्यातलं एक वाचलं जाळण्याआधी. मी लिहिलं होतं, "तुझ्या गावचं धुकं मला इथे उन्हात दिसतं." बावीसची पोरगी, धुकं कधी पाहिलेलं नाही.

मी तुला धमकी दिली. माझ्या सख्ख्या भावाला. आईने ऐकलं असतं तर लाटणं घेऊन आली असती. पण तुला एक सांगते, भीतीने माणूस कसं होतं ते मला काल कळलं. माझ्या पोरीला जो कुणी घाबरवत असेल तोही असाच भ्यालेला असेल. तूसुद्धा. दगड काचेवर पडतात असं लिहिलंस ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागात वाचलं. आज पुन्हा वाचलं. कधी पडला दगड? कुणाला लागला का?

जाऊ नकोस, असं लिहिणार होते. तेवढं मोठं मन माझं नाही. जा, दादा. सोळा दिवस राहिलेत, आणि कालपासून तिचा मेसेजच नाही. राजम्याचासुद्धा नाही.

तुझी,
नंदा


[मोबाइलवर फोटो काढून पाठवलेली तीन पानं]

वुल्वरहॅम्प्टन
२४ सप्टेंबर

नंदाताई,

जयभीम. मी मीरा. फोन करणार होते, पण फोनवर माझं मराठी तुम्हाला कळणार नाही आणि मी रडणार. म्हणून लिहिते आणि फोटो पाठवते. चुका माफ करा. मराठी लिहायला मला कुणी शिकवलं नाही. वाचायला डॅडींनी शिकवलं, सत्त्याऐंशी साली, नवऱ्याची पत्रं आली तेव्हा. तुमची पत्रंच माझं पुस्तक होतं.

पहिल्यांदा हे: श्रुतिका माझ्या घरी आहे. जिवंत आहे. आता बाकीचं वाचा.

सोमवारी तुमची दोन पत्रं एकदम आली. पाकिटावर इंग्रजी आठचा आकडा होता, दोन गोल एकावर एक, तुम्ही काढता तसा. माझ्याकडे कपाटात बिस्किटाचा डबा आहे, त्यात एकशे चार पाकिटं आहेत, सगळ्यांवर तो आठ आहे. मी दारातच उभी राहून फोडलं. आधी चौदा तारखेचं फोडलं, मग तेरा. उलटं वाचलं, म्हणून तुमचा राग मला तुमची माफी वाचून झाल्यावर कळला.

मला माहीत होतं. तो इथे आला त्या पहिल्या आठवड्यात मी त्याला दुकानाची लिस्ट लिहायला सांगितली. अकरा शब्द लिहायला अर्धा तास घेतला. धुक्याचं लिहिणारा माणूस हा नाही, हे मला तेव्हाच कळलं. मग कोण, ते मी विचारलं नाही. नवरा चांगला निघाला. कशाला विचारायचं? पण ज्याने कुणी लिहिलं त्याला एकदा भेटायचं होतं मला. पस्तीस वर्षं.

मी त्याला म्हटलं, बाकीची पत्रं कुठे आहेत? गॅरेजमध्ये होती, रंगाच्या डब्यांच्या मागे. तिसरं तर फोडलंच नव्हतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. छत्री आली तिथे तो जिन्यावर बसला. म्हणाला, "छत्री गेली तेव्हा मला कळलं होतं गं. मी स्वतःला कळू दिलं नाही. आलो असतो तर परत इथे घेतलं नसतं अशी भीती होती." हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. तुमच्यावर रागावणं सोपं होतं. मग उठला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

त्या पत्त्यावर घर रिकामं. पुढची काच फुटलेली, तिथे लाकूड मारलेलं. शेजारणीने सांगितलं, मुली गेल्या, एक मात्र जवळच आहे. पुढच्या रस्त्यावर एक गोरी म्हातारी राहते, एक्याण्णव वर्षांची. चावणारी ती हीच. तिच्या खिडकीत झेंडा आहे, मोठा. आम्ही दाराशी घाबरतच उभे राहिलो. श्रुतिका आत होती, मागच्या खोलीत, ऑगस्टपासून. काच फुटली त्या दिवशी म्हातारीनेच तिला बोलावून घेतलं. ती आम्हाला म्हणाली, "बाकीच्यांना पाठवा परत, हिला नाही." तुमच्या भावाकडे बघून म्हणाली हे. त्याने श्रुतिकाची बॅग उचलून गाडीत ठेवली.

आता खरं सांगते, तुम्ही तसंच मागितलंय. ती बारीक झाली आहे. मागच्या आठवड्यात तापली होती, म्हणून मेसेज नव्हते. झोपताना बूट काढत नाही. आम्ही वकिलाकडे जाऊन आलो. सहा दिवसांत नवा मालक मिळणं अवघड, असं तो म्हणाला. दोन ठिकाणी विचारलंय. होईल असं मी लिहिणार नाही. नाही झालं तर तुमचा भाऊ तिच्याबरोबर विमानात बसणार आहे. त्याने सांगितलं नाही मला. पासपोर्ट काढून टेबलावर ठेवलाय.

तक्रारी हव्यात ना? घ्या. तुमची मुलगी गरम पाणी संपवते. नळ सोडून रडते, तिला वाटतं आम्हाला ऐकू येत नाही. तुमचा भाऊ तिला रोज रांगेचं लेक्चर देतो आणि तिच्या ताटात दोनदा वाढतो. आणि तुम्ही ते कागद जाळले, ते मला आवडलं नाही. ते माझे होते.

तिला तुमच्याशी बोलायची भीती वाटते. खाली दोन ओळी लिही म्हटलं तर तासभर बसली.

मीरा

आई, मामा इतका घोरतो की भिंत हलते. मामी पोह्यात साखर घालते. बूट चावलेत, टाचेला फोड आलाय, आणि मला खूप भीती वाटते गं. इथे कुणालाच सांगितली नाही. मला घरी यायचंय.